गुहागर ते गणपतीपुळे: गटाबरोबर सायकलवरचा एक दिवस, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

थंडी सुरू झाली की पुण्या-मुंबईहून सायकलवाल्यांचे गट कोकण किनाऱ्याने गोव्याकडे निघतात. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाला धरून, खाड्या फेरीबोटीने ओलांडत, आठ-नऊ दिवसांत गोवा. मी हा प्रवास तीनदा केलाय. पहिल्यांदा निघाले तेव्हा सोसायटीच्या आवारात आणि रविवारी खडकवासल्यापर्यंत, एवढीच सायकल चालवली होती. दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, "एवढं अंतर जमेल का गं मला?" अंतर जमतं. लोक दमतात ते दिवस कसा घालवायचा हे माहीत नसल्यामुळे. म्हणून अख्ख्या सहलीचं न सांगता एकाच दिवसाचं सांगते, तोही मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेला: गुहागर ते गणपतीपुळे, मध्ये तवसाळ-जयगडची फेरी. हा एक दिवस नीट जमला की बाकीचे जमतात.

अंतर साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. नकाशावर हे काहीच वाटत नाही, कारण पुण्यात सपाट रस्त्यावर आपण एवढं सकाळी जाऊन दुपारी घरी असतो. इथे रस्ता समुद्राला लागून धावत नाही. प्रत्येक गाव खाली, किनाऱ्याला. दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उंचावरचं उघडं पठार. गावातून सड्यावर चढायचं, सड्यावरून पुढच्या गावात उतरायचं, परत चढायचं. आमच्या घड्याळांनी या एका दिवसाची चढाई हजार मीटरच्या वर दाखवली होती. सिंहगडाच्या पायथ्यापासून गाडीतळापर्यंत जेवढं चढता त्याहून जास्त, फक्त तुकड्यातुकड्यांत.

१. दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो

गुहागरला पोचलात, समुद्रावर जाऊन आलात, व्याडेश्वराचं दर्शन झालं की जेवणाआधी सगळ्यांनी पंधरा मिनिटं एकत्र बसा. हे बसणं टाळू नका. दमलेले लोक "सकाळी बोलू" म्हणतात आणि सकाळी प्रत्येक जण आपल्या सायकलीशी झटत असतो. या पंधरा मिनिटांत एवढं ठरवायचं:

– पुढे कोण, मागे कोण. पुढच्याला रस्ता माहीत हवा. सगळ्यात मागचा माणूस गटातला दमदार आणि शांत डोक्याचा हवा, आणि दिवसभर त्याच्या मागे कोणीही राहायचं नाही.
– कुठल्या फाट्यांवर थांबायचं. कागदावर लिहा.
– फेरी किती वाजताची धरायची. फेरीवाल्यांना आदल्या दिवशीच फोन करून वेळ विचारून घ्या. जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका.
– सामानाची गाडी असेल तर ती आपल्याबरोबर फेरीत चढणार की भातगावच्या पुलावरून वळसा घालून येणार.

शेवटचा मुद्दा फुटकळ वाटेल. आमच्या दुसऱ्या सहलीत आयोजकांनी गाडी वळशाने पाठवली आणि आम्हाला सांगायचं राहून गेलं. खाऊ गाडीत, जादा पाणी गाडीत, एकीचं दम्याचं औषधही गाडीत. सुदैवाने औषध लागलं नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: गाडी असो वा नसो, दुपारपर्यंत पुरेल एवढं पाणी, खाणं आणि स्वतःची औषधं स्वतःच्या सायकलवरच.

दिवसाचा वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्या माणसावरून ठरवा. थांबे धरून तासाला दहा किलोमीटर हा आकडा पहिल्यांदा येणाऱ्यांच्या गटाला बरोबर बसतो. म्हणजे पावणेसातला निघालात तर तीन-चारपर्यंत गणपतीपुळे. पुढच्या दमदार मंडळींना हे फार सैल वाटतं. वाटू द्या. ते थांबून फोटो काढतील, नारळपाणी पितील. मागच्याला मात्र वेग वाढवायला सांगून तो वाढत नाही, त्याचा फक्त दम तुटतो आणि मग दोन दिवस तो गाडीत बसून येतो.

२. काय काय जवळ हवं

कागदपत्रं फार नाहीत, पण नसली की अडतं. आधार कार्ड मूळ किंवा प्रत (मुक्कामाच्या ठिकाणी मागतात), आरोग्य विम्याच्या कार्डाची प्रत, आणि एक चिठ्ठी: नाव, रक्तगट, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, घरच्या दोघांचे नंबर. ही चिठ्ठी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून हँडलवरच्या बॅगेत ठेवा. मोबाइलमध्ये नको, कारण गरज पडेल तेव्हा मोबाइल कुलूपबंद असतो आणि तो उघडणारा माणूस बोलण्याच्या स्थितीत नसतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि एरवी कुठल्याही तातडीला ११२, हे नंबर सगळ्यांना तोंडपाठ हवेत.

रोख पैसे ठेवा, सुट्टे ठेवा. सड्यावर रेंज जाते आणि टपरीवरचा क्यूआर कोड नुसताच बघत बसावं लागतं.

प्रत्येकाच्या सायकलवर: आपल्या मापाच्या दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिममधून सोडवायची पट्टी), पंक्चर किट, ॲलन कीचा (षटकोनी किल्ल्यांचा) संच, पाण्याच्या दोन बाटल्या, पुढचा आणि मागचा दिवा. गटात मिळून: चांगला पंप, चेनचं तेल, चेन जोडायची कडी आणि चेन तोडायचं हत्यार, जादा ब्रेक पॅड, गिअरची एक तार, चिकटपट्टी, प्लॅस्टिकचे केबल टाय, प्रथमोपचाराची पेटी. पेटी आणि हत्यारं सगळ्यात मागच्या माणसाकडे द्या. पुढच्याकडे दिली तर बिघाड नेमका मागे होतो आणि पेटी पाच किलोमीटर पुढे असते.

पंपाचं एक बघा. काही सायकलींना जाड तोंडाचा व्हॉल्व असतो, मोटारसायकलसारखा. काहींना बारीक, प्रेस्टा. पंप दोन्हींना बसणारा हवा. वाटेतल्या गावात सायकलचं दुकान मिळालं तरी तिथला पंप प्रेस्टाला सहसा बसत नाही. शंभरेक रुपयांना मिळणारं पितळेचं छोटं अडॅप्टर प्रत्येक प्रेस्टावाल्याने किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवावं.

३. सकाळ

डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पावणेसातला दिवे लावून निघा. म्हणजे पाचला उठायचं. एवढ्या लवकर खाल्लं जात नाही हे खरं, पण रिकाम्या पोटी निघालात तर पहिल्या सड्यावरच पाय लटपटतात. मुक्कामाच्या घरच्या काकूंना रात्रीच सांगून ठेवा. आम्हाला एका घरी पहाटे गरम मऊभात, तूप आणि लिंबाचं लोणचं मिळालं होतं. सायकलवाल्याला याहून चांगलं काही नाही: पचायला हलकं, मीठ आहे, पाणीही आहे. नाहीतर दोन केळी आणि चहा. खरा नाश्ता पंधरा-वीस किलोमीटरनंतर.

पॅडवाली चड्डी आतल्या कपड्यांशिवाय घालायची. हे सांगायला लोक लाजतात आणि नवे लोक दोन्ही घालतात. मग शिवणी घासून तिसऱ्या दिवशी बसवत नाही. घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लावा, रोज, दुखायच्या आधीच.

हवा रोज सकाळी तपासा. किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. अंगठ्याने दाबून "ठीक वाटतंय" म्हणू नका. ब्रेक दाबून बघा, चाक फिरवून बघा, सीटचा नट आवळलाय ना बघा. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, फार वर असेल तर मागच्या बाजूला. आदल्या दिवशी काय दुखत होतं ते आठवून अर्धा सेंटिमीटर वर-खाली करा, एकदम जास्त नको.

४. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू

गार हवा असते, अंगात रात्रीची विश्रांती असते, माडांच्या मधून रस्ता जातो. सगळे सुटतात. पहिल्या तासात जो धापा टाकतो तो दुपारी रडकुंडीला येतो. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, हीच वेगाची खूण.

एकामागे एक चला. रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत आणि सकाळची एसटी त्याच वळणांवरून येते. दोन सायकलींमध्ये चांगल्या दोन-तीन सायकलींचं अंतर ठेवा. पुढच्याने खड्डा, खडी, गुरं दिसली की हात खाली करून दाखवायचं आणि ओरडायचं. ते ओरडणं प्रत्येकाने मागे पोचवायचं. मागून गाडी आली की शेवटच्याने "गाडी!" म्हणायचं आणि तसंच पुढे. पहिल्या दिवशी हे पोरकट वाटतं, तिसऱ्या दिवशी आपोआप तोंडातून येतं. कानात इअरफोन नकोत, एकाही कानात नकोत.

५. चढ आणि उतार

पालशेतच्या आसपास दिवसाचे खरे चढ सुरू होतात. पालशेत, अडूर, वेळणेश्वरचा फाटा, हेदवी, नरवण, रोहिले, मग तवसाळ.

चढाचं तंत्र एका वाक्यात: गिअर चढ लागायच्या आधी हलका करा. नवा माणूस आहे त्या गिअरवर जोर मारत चढाच्या निम्म्यापर्यंत जातो, मग अडकतो आणि पूर्ण ताकद पायात असताना गिअर बदलतो. चेन कडकड करते, उतरते, कधी तुटतेही. वळणानंतर रस्ता वर जाताना दिसला की लगेच गिअर पाडा, पाय हलके आणि भराभर फिरू द्या. तरी जमत नसेल तर उतरून चाला. गटातल्या ज्या ५८ वर्षांच्या काकूंनी सगळ्यात कमी कुरकुर करत गोवा गाठला, त्या प्रत्येक मोठ्या चढाचा शेवटचा तुकडा चालत चढायच्या. वर आल्यावर त्यांचा श्वास आमच्यापेक्षा शांत असायचा.

चढाच्या मध्यावर थांबू नका, थांबायचं तर वर, सावलीत, रस्त्याच्या पूर्ण बाहेर. सराव करून यायचं असेल तर पुणेकरांनी महिनाभर आधी दर रविवारी बोपदेव घाट करावा. एकदा नाही, एकाच सकाळी दोनदा. कोकणात पाय गळून जातात ते तिसऱ्या आणि चौथ्या चढाला.

उतारांनी मला चढांपेक्षा जास्त घाबरवलंय. जांभ्याची लाल खडी वळणावर आतल्या बाजूला साठते आणि सावलीत ती दिसत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. दोन्ही ब्रेक मिळून वापरा; खडीवर असाल तर पुढचा अगदी हलका. सतत दाबून धरू नका, दाबा-सोडा करत या. उतारावर अंतर दुप्पट ठेवा आणि एकमेकांना मागे टाकायची चढाओढ पूर्ण बंद. हा नियम मोडणाऱ्याला, तो कितीही अनुभवी असो, खाली थांबवून स्पष्ट शब्दांत सांगा. आमच्या तीन सहलींत झालेले दोन्ही अपघात उतारावरच्या वळणात झाले. एकाचं मनगट मोडलं.

६. फाट्यावर थांबणं

हा मुद्दा मी सगळ्यात आधी लिहिणार होते.

पहिल्या सहलीत मी मधल्या घोळक्यात होते. पुढचे पाच जण दिसेनासे झाले, मागचे अजून चढत होते. हेदवीच्या फाट्यावर आले तर कोणीच नाही. मंदिराची पाटी दिसली, दशभुजा गणपतीला सगळे गेले असणार असं वाटलं, म्हणून मी आत वळले. मंदिरात पुजारी सोडून कोणी नव्हतं. पुढचे सरळ तवसाळच्या दिशेने गेले होते. मागचे माझ्या मागून येऊन, मी पुढे आहे असं समजून, निघून गेले. रेंज नाही. मी मंदिराच्या पायरीवर अर्धा तास बसले, मग परत फाट्यावर, मग पुन्हा मंदिरात. तवसाळच्या जेटीवर माणसं मोजली तेव्हा एक कमी निघालं. दोघे मला शोधायला उलटे आले, सगळ्यांची फेरी चुकली, आणि भर उन्हात जयगडचा चढ चढावा लागला. मला कोणी एक शब्द बोललं नाही, पण शोधायला आलेल्या दादांचा घामाने भिजलेला चेहरा मला अजून दिसतो.

त्या संध्याकाळी आम्ही जे ठरवलं ते आजही पाळतो:

फाट्यावर पहिल्यांदा पोचलेला माणूस तिथे उभा राहतो. त्याच्या मागचा माणूस येऊन त्याला बघतो, तेव्हा तो सुटतो आणि नवा उभा राहतो. प्रत्येक जण आपल्या मागचा दिसेपर्यंत हलत नाही. एवढंच. शेवटचा येईपर्यंत फाटा कधी रिकामा राहत नाही.

आणि चुकलातच, तर शोधत फिरायचं नाही. गटातलं कोणी शेवटचं जिथे आपल्याबरोबर होतं त्या जागी परत यायचं आणि तिथेच बसायचं. नकाशा मोबाइलमध्ये आधी उतरवून ठेवा म्हणजे रेंजविना दिसतो, पण गट कुठे आहे ते नकाशा सांगत नाही.

इथेच आणखी एक सापळा. वाटेत समुद्राकडे उतरणाऱ्या पाट्या खुणावतात. वेळणेश्वरचं देऊळ आणि किनारा सुंदर आहे, हेदवीची बामणघळही बघण्यासारखी: खडकाच्या चिंचोळ्या भेगेत भरतीची लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. पण "दोनच किलोमीटर आत" म्हणजे दोन किलोमीटर उतार आणि तेच परत चढायचे. दिवसाला एकच असं वळण घ्या, आदल्या रात्री ठरवून. बामणघळीचं उसळणारं पाणी भरतीलाच दिसतं, ओहोटीला नुसती भेग. आणि तिच्या कडेला ओल्या खडकावर सायकलच्या बुटांनी जाऊ नका.

७. पंक्चर

पंक्चर होणारच. जो गट पंक्चरला वैतागतो त्याचा दिवस बिघडतो. बाकीचे पुढच्या सावलीपर्यंत जातात, दोघे मागे राहतात, वीस मिनिटांत काम होतं.

फक्त एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात. ट्यूब बदलली, हवा भरली, निघाले, आणि किलोमीटरभरात पुन्हा बसली. कारण काटा टायरमध्येच राहिला. म्हणून जुनी ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून सगळीकडे बोट फिरवा, सावकाश, कारण कधीकधी ते बाभळीच्या काट्याचं टोक असतं आणि कधी ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून पडलेली केसासारखी तार. ती तार डोळ्यांना दिसत नाही, बोटाला टोचते तेव्हा कळते. एकदा रोहिल्याच्या सड्यावर आम्ही एकाच चाकाच्या तीन ट्यूब घालवल्या तेव्हा चौथ्या वेळी एका मुलीने मोजा हातात घालून टायरच्या आतून फिरवला. मोज्याचा धागा तारेत अडकला. चिमट्याने ओढून काढली, नखाच्या निम्मीही नव्हती. तेव्हापासून माझ्या किटमध्ये एक जुना मोजा असतो.

ट्यूबवर शेजारी शेजारी दोन भोकं असतील, साप चावल्यासारखी, तर काटा शोधू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. हवा नीट भरा.

८. पाणी, मीठ, खाणं

कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून नुसता वाहतो. तहान लागायची वाट बघू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. तासाला साधारण एक बाटली रिकामी व्हायला हवी. सकाळपासून लघवीला गेला नसाल किंवा ती गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय.

नुसतं पाणी पुरत नाही, मीठही जातं. एका बाटलीत पाणी, दुसरीत ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलीसाठी. अर्ध्या बाटलीत मोठं पाकीट ओतून घट्ट सरबत पिणारे लोक मी पाहिलेत. त्याने पोट बिघडतं. टपरीवर कोकम सरबत मिळालं तर मीठ जास्त घालायला सांगा.

खाणं दर तासाला थोडं: चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळं. खिशात, हाताशी. नऊ-साडेनऊला पोटभर नाश्ता, पोहे किंवा घावन-चटणी. या पट्ट्यात हॉटेलं मोजकी आहेत आणि वीस माणसं अचानक आली तर त्यांची धांदल उडते, म्हणून आदल्या दिवशी फोन करा.

बायकांसाठी: स्वच्छतागृह मिळेल तिथे जाऊन या, गरज वाटो न वाटो. मोठी देवळं, एसटी स्टँड, नाश्त्याचं ठिकाण. जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणं हा सगळ्यात घातक उपाय आहे आणि तो आपल्यापैकी अनेकजणी करतात. मोकळेपणाने सांगा, गट थांबतो.

कोणी गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळायला लागलं, तर ऊन बाधतंय. लगेच सावली, हेल्मेट आणि बूट काढा, मानेवर-डोक्यावर ओलं फडकं, घोटघोट ओआरएस. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपत असेल तर वाट न बघता अंग पाण्याने गार करायला घ्या आणि १०८ लावा.

९. तवसाळची जेटी

सड्यावरून तवसाळला उतरताना खाडीचं तोंड दिसतं, पलीकडे जयगड. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते. दिवसातली सगळ्यात सुंदर जागा, आणि पडण्याचीही.

फेरीबोट आपलं पुढचं फळकूट जेटीच्या उतारावर टेकवते. त्या उताराचा खालचा भाग भरतीला पाण्याखाली असतो, म्हणून त्यावर हिरवं शेवाळ. ओहोटी असेल तेव्हा बोट खाली लागते आणि हा शेवाळाचा पट्टा चालत पार करावा लागतो. सायकलच्या बुटांना खाली धातूची पट्टी असेल तर त्या शेवाळावर पाय ठरत नाही. आधीच उतरा, जेटीच्या वरच्या कोरड्या भागातच. सायकल पाण्याच्या बाजूला धरा, म्हणजे घसरलीच तर अंगावर येणार नाही. दोन्ही ब्रेक हातात, पावलं छोटी. आधी गाड्या चढू द्या, मग तुम्ही. बोटीवर सायकल कडेच्या कठड्याला टेकवून हाताने धरून ठेवा. नुसत्या स्टँडवर उभी राहत नाही.

भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे कालच्यापेक्षा आजची पाऊण-एक तास उशिरा. गुहागरला येताना दाभोळ-धोपावेची फेरी तुम्ही आदल्या दिवशी केली असेलच. तिथे पाणी कुठे होतं ते आठवलं तरी अंदाज येतो.

तिकीट खिडकीवर सायकलचं वेगळं आणि माणसाचं वेगळं. एकाने सगळ्यांचे पैसे गोळा करून एकदम काढा. फेरीत चढण्यापूर्वी माणसं मोजा, उतरल्यावर पुन्हा मोजा. पलीकडे जायला पंधराएक मिनिटं लागतात, तेवढ्यात पाय सोडून बसा आणि काहीतरी खा, कारण उतरल्याबरोबर चढ आहे.

बाराच्या आत फेरी मिळेल असा दिवस आखा. फेरी चुकली तर भातगावच्या पुलाचा विचार नव्या गटाने करू नये. सावलीत बसून पुढच्या फेरीची वाट बघा.

१०. जयगडनंतर

जेटीवरून वर येणारा चढ छोटा पण खडा आहे, आणि नुकतं बसून उठल्यामुळे पाय थंड असतात. सगळे चालत चढलात तरी दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न. फेरी चुकून उशीर झाला असेल तर वर जेवा आणि ऊन उतरेपर्यंत, निदान तीनपर्यंत, आडवे व्हा. त्या दिवशी मुक्कामी पोचायला पाच वाजतील, ते चालेल. सूर्य सहाच्या पुढे मावळतो.

इथे बंदर असल्यामुळे मुख्य रस्त्यावर मोठे ट्रक असतात. मालगुंडकडे जाणारा आतला रस्ता गावात विचारून घ्या आणि गट पुन्हा जवळ आणा. दुपारची सुस्ती आणि ट्रक ही जोडी वाईट. डोळे जड झाले तर थांबून तोंडावर पाणी मारा.

मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. १८६६ साली त्यांचा जन्म या गावातला. इथून गणपतीपुळं अगदी हाताशी आहे, म्हणून मी नेहमी इथे अर्धा तास थांबते. मागचे येतात, सगळे एकत्र होतात, आणि शेवटचा तुकडा आख्खा गट एका रांगेत करतो.

११. मुक्कामी पोचल्यावर

आधी सायकल, मग आंघोळ. उलट केलंत तर सायकल राहून जाते. खारी हवा आणि लाल धूळ मिळून चेनवर जाड लेप बसतो. कोरड्या फडक्याने चेन पुसा, थेंब थेंब तेल घाला, पाच मिनिटं मुरू द्या, मग वरचं जास्तीचं पुसून टाका. वरून तेल ओतत गेलात तर उद्या दुप्पट धूळ चिकटेल. टायरवरून हात फिरवून काचा-काटे काढा. ब्रेक पॅडमध्ये अडकलेली खडी सुईने काढा.

कपडे लगेच धुवा. कोकणात रात्री काही वाळत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा आणि पंख्याखाली टाका. पॅडची चड्डी ओली असेल तर दुसऱ्या दिवशी तीच घालू नका, दोन जोड्या हव्यातच.

देवदर्शनाला चालत जा, पाय मोकळे होतात. समुद्रात पोहायला मात्र उतरू नका. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तेवढा सोपा नाही, तिथे माणसं बुडालेली आहेत, आणि दमलेले पाय लाटेला उभे राहत नाहीत.

कोणाला सहल इथेच थांबवायची असेल तर तेही आजच सांगा. उद्याचा आरे-वारेवरून रत्नागिरीचा रस्ता साधारण पंचवीस किलोमीटरचा आहे, तेवढं गटाबरोबर करून रत्नागिरी स्टेशनवरून कोकण रेल्वेने परत जाता येतं. स्टेशन शहराबाहेर, चढावर आहे. सायकल पार्सल ऑफिसात द्यायची तर गाडीच्या दोन-तीन तास आधी पोचा, तिकीट आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा, बाटल्या-दिवे-पंप काढून घ्या आणि सायकलवर नाव, नंबर, उतरायचं स्टेशन लिहिलेला पुठ्ठा दोन ठिकाणी बांधा.

आणि जेवणाआधी पुन्हा पंधरा मिनिटं बसा. पुढे कोण, मागे कोण, फाटे कुठले.